लेदर सीटला कितीही क्रीम चोळलं तरी भेगा तशाच! काय चुकतंय?

स्टेपनी (धागाकर्ता)

सेकंडहँड गाडी घेऊन तीन महिने झाले. गाडी अकरा वर्षांची आहे, पण इंजिन ठणठणीत. दुखणं एकच, आतल्या लेदर सीट्स. रंग मूळचा फिकट बदामी असावा, आता ड्रायव्हरची सीट कळकट पिवळी आणि मेणचट दिसते. चढता-उतरताना मांडी जिथे घासते त्या बाहेरच्या फुगीर कडेवर भेगांचं जाळं झालंय आणि दोन ठिकाणी आतलं राखाडी कातडं डोकावतंय. मागची सीट मात्र जवळपास नवी, तिथे कुणी फारसं बसलेलंच दिसत नाही.

एक कंडिशनर आणलं. डब्यावर 'सुकलेल्या लेदरला पोषण' असं छापलेलं. दोन आठवड्यांत तीनदा लावलं. लावल्यावर सीट जरा गडद दिसली, वाटलं जमलं. चौथ्या दिवशी भेगा परत हजर. वर आता पांढऱ्या शर्टाच्या पाठीला पिवळट डाग पडायला लागलेत.

कंडिशनर बदलू, आणखी लावत राहू, की कव्हर चढवून विषय संपवू?

वायपर

कंडिशनर कशाला हवंय? खोबरेल तेल कोमट करायचं, रात्री चोळायचं, सकाळी पुसून टाकायचं. माझे चामड्याचे बूट त्याच्यावरच टिकलेत इतकी वर्षं.

टाकेदोरे

वायपर, बूट वेगळे आणि सीट वेगळी हो. हा उद्योग मी ऑलिव्ह तेलाने करून बसले आहे. जिथे भेगा होत्या तिथे तेल आत मुरलं आणि काळपट डाग पडले, ते आजतागायत आहेत. जिथे भेगा नव्हत्या तिथे ते नुसतं वर बसून राहिलं, धूळ गोळा करत. गाडी उन्हात उभी राहिली की खवट वास सुटायचा. पुढे सीट रंगवायला घेतली तेव्हा नेमक्या त्या डागांवर रंग धरेना, बोटाने सोलला तर पापुद्रा हातात. शेवटी तो तुकडा बदलावा लागला.

रंगारी

सोफे आणि गाडीच्या सीट्स रंगवणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

स्टेपनी, तुमच्या सीटवर नेमकं काय आहे हे आधी ओळखा. हेडरेस्टखाली किंवा अशाच आडबाजूच्या जागी पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर कातड्यावर रंगाचा आणि संरक्षक लेपाचा थर आहे. मिनिटभरात आत मुरून जागा काळी पडली तर ते ॲनिलिन, म्हणजे आरपार रंगवलेलं पण वर थर नसलेलं कातडं. गाड्यांमध्ये हे क्वचित, महागड्या मॉडेलांत दिसतं. दोन्हींच्या मधलं सेमी-ॲनिलिनही असतं. तुमच्या सीटवर थेंब उभा राहणार असं मी आत्ताच सांगून ठेवतो. फक्त थेंब भेगेवर टाकू नका, तिथे तो मुरणारच.

आजकालच्या गाडीतलं कातडं बहुधा गायीबैलाचं, साधारण १ ते १.४ मिलिमीटर जाड. कमावतानाच त्यात तेलं आणि चरबी पाण्यात मिसळून, पिंपात फिरवून मुरवलेली असतात. मऊपणा येतो तो तिथून. मग वर रंग, आणि रंगावर पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा, पारदर्शक टॉपकोट. हा सगळा साज बहुतेकदा एक दशांश मिलिमीटरहूनही पातळ असतो, पण आपला हात, आपली पँट, आपलं फडकं यांची गाठ पडते ती फक्त त्याच्याशी. म्हणजे तुम्ही ज्याला लेदर म्हणून कुरवाळता तो खरं तर रंग आहे.

आता तुमची सीट बघा. मेणचट पिवळेपणा हा घाम, अंगाचं तेल आणि धूळ यांचा थर, त्यात तुमच्या तीन वेळच्या कंडिशनरची भर. ते आत गेलं नाही म्हणून शर्टाला लागतंय. कडेवरचं जाळं म्हणजे घासून घासून तडकलेला रंग. कातडं उपाशी नाही. भिंतीचे पोपडे उडाले तर आपण भिंतीला तेल पाजतो का? क्रीम लावल्यावर भेगा लपतात, कारण ओली भेग गडद दिसते. सुकली की पुन्हा दिसते.

तेव्हा कंडिशनर बंद. आधी सीट धुवा. मग बोलू.

अर्धवट

म्हणजे कंडिशनर ही निव्वळ फसवणूक?

रंगारी

तसं सरसकट म्हणणार नाही. ॲनिलिन कातड्याला कंडिशनर लागतं, कारण तिथे ते खरोखर आत जातं. थर असलेल्या कातड्यात ते शिवणीतून, छिद्रांतून आणि बारीक चिरांतून थोडंफार शिरतं, बाकीचं वर राहतं. पाण्यावर आधारित, हलकं कंडिशनर वर्षातून दोनदा साफसफाईनंतर लावलं तर बिघडत काही नाही. घर्षण कमी होतं, कपड्यांचा रंग पटकन बसत नाही. पण फुटलेला रंग ते जोडणार नाही.

जुनंसोनं

इथे माझा अर्धा विरोध नोंदवतो. माझी गाडी १९६० च्या दशकातली ब्रिटिश आहे, सीट्स मूळच्या. त्या काळच्या कातड्यावरचा थर आजच्यासारखा चिवट नसायचा आणि कातडंही जास्त जाड. लंडनच्या कॉनली कंपनीचं नाव जुन्या गाड्यावाल्यांना माहीत असेल. १८७८ साली सुरू झालेली, रोल्स रॉईस आणि जग्वारला कातडं पुरवणारी. तिचं 'हाइड फूड' नावाचं मलम वर्षानुवर्षं वापरात होतं. 'लेदरला खाऊ घाला' ही भाषा त्या जमान्यातून आली आणि आजच्या डब्यांवर जाऊन बसली. माझ्या सीट्स लॅनोलिनच्या क्रीमने खरोखर मऊ झाल्या, दोन महिने लागले. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतला मेणासारखा स्निग्ध पदार्थ. तेव्हा रंगारी, तुमचं म्हणणं स्टेपनींच्या गाडीपुरतं मान्य, माझ्या गाडीला लावू नका.

रंगारी

जुनंसोनं, मान्य. तुमच्या सीटचा वरचा थर इतक्या वर्षांत जागोजागी उडाला असणार, म्हणून क्रीम आत गेलं. पुढेमागे ती रंगवायची झाली तर मात्र त्या लॅनोलिनला शिव्या देत काढावं लागेल, एवढं ध्यानात असू द्या.

दुपारझोप

धुवा म्हणजे कशाने? भांड्यांचा साबण चालेल? आणि तो पांढरा जादूचा स्पंज?

टाकेदोरे

जादूच्या स्पंजाला हातही लावू नका. तो मेलामाइनचा फेस असतो, म्हणजे चक्क बारीक पॉलिश पेपर. डाग जातो कारण डागाखालचा थर जातो. माझ्या ओळखीत एकाने पूर्ण सीट त्याने चकाचक केली. सहा महिन्यांत तीच जागा सगळ्यात आधी मळकट झाली, कारण टॉपकोट उरलाच नव्हता.

रंगारी

कातडं किंचित आम्लधर्मी असतं आणि कपड्याभांड्यांचे बरेच साबण अल्कधर्मी. एकदा वापरून आभाळ कोसळणार नाही, पण सवय नको. घोड्याच्या खोगिरासाठीचा सॅडल सोपही इथे नको. लेदरसाठीचा पाण्यावर आधारित क्लीनर घ्या. फेस ब्रशवर घ्यायचा, सीटवर ओतायचा नाही. मऊ केसांचा ब्रश, गोल गोल हलका हात, एका वेळी फूटभर जागा, आणि फेस सुकायच्या आत मायक्रोफायबरने टिपून घ्यायचा. सीटला छिद्रं असतील तर फेस फडक्यावर घ्या, नाहीतर तो छिद्रांत जाऊन सुकतो आणि मग टूथपिक घेऊन बसावं लागतं. सीट गरम होणारी असेल किंवा शेजारच्या सीटखाली माणूस बसल्याचं ओळखणारा सेन्सर असेल, तर पाणी आत झिरपू देऊ नका. स्टीम क्लीनर नको, जास्त उष्णतेने कातडं आकसतं आणि एकदा आकसलं की परत येत नाही.

स्टेपनी

धुतलं. फोटो टाकवत नाहीत इतकं पाणी काळं निघालं! चार फडकी वाया. थेंब उभाच राहिला, रंगारींचं भाकीत खरं. ड्रायव्हरच्या सीटचा रंग मागच्या सीटशी आता जवळजवळ जुळतोय, मेणचटपणा गेला, हात लावला की कोरडी मॅट लागते. मी इतके दिवस चकाकीला निगा समजत होतो.

एक गंमत सापडली. सीटच्या मागे आणि बाजूंना बघितलं तर पोत वेगळा, दाणे अगदी एकसारखे, खालच्या कडेला उलटी बाजू कापडाची. म्हणजे ते लेदर नाहीच?

रंगारी

नाही, ते रेक्झिन. बऱ्याच 'लेदर' गाड्यांत बसायची आणि टेकायची जागा तेवढी कातड्याची असते, बाकी सगळं व्हिनिल. कातड्याची उलटी बाजू तंतूंची, लव असल्यासारखी दिसते. रेक्झिनला फक्त साफसफाई लागते.

अर्धवट

माझं तर सगळंच रेक्झिन आहे आणि पापुद्रे सुटताहेत, बसलं की पँटला काळे तुकडे चिकटतात. याला काय करावं?

रंगारी

पापुद्रे सुटत असतील तर ते व्हिनिलचं नाही, पॉलियुरेथेनचं रेक्झिन आहे. दमट हवेत त्याचा थर वर्षानुवर्षं विघटन होऊन सुटतो. त्याला इलाज नाही, नवीन कापड चढवा. त्यावर रंगाचे हात देत बसू नका, सुटणाऱ्या थरावर रंग म्हणजे सुटणारा रंग.

स्टेपनी

कडेच्या भेगा आता स्वच्छ आहेत आणि म्हणूनच जास्त ठळक दिसताहेत. रंगवायचं ठरवलंय. घरी जमेल का? खरं खरं सांगा.

रंगारी

तेवढी कड जमेल. पूर्ण सीट पहिल्याच फटक्यात नको.

क्रम असा. धुतलेली जागा पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकी पुसा, उरलेलं तेल आणि कंडिशनर निघायला हवं. फडक्यावर थोडा रंगही येईल, घाबरू नका. तुमच्याकडे तीन वेळचं क्रीम बसलंय, म्हणून हे दोनतीनदा करा. मग ४०० ते ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने भेगांच्या उभारलेल्या कडा घोटा. बोट फिरवल्यावर कड लागली नाही पाहिजे. या पायरीला कंटाळा केलात तर पुढचं सगळं मुसळ केरात, कारण रंग भेग लपवत नाही, उठून दाखवतो.

मग बाइंडर. पाण्यासारखं पातळ ॲक्रिलिक असतं, ते उघड्या पडलेल्या तंतूंना आवळून धरतं. पातळ पातळ चार-पाच हात, मध्ये हेअर ड्रायरने सुकवत. मग फिलर, म्हणजे आपल्या रंगकामातली लांबी (पुट्टी), फक्त लवचीक. भेगेत दाबून भरायची, वरची खरवडून काढायची, सुकली की घोटायची आणि पुन्हा भरायची. एकदम जाड थापलीत तर वाकताना तडकेल.

रंग पाण्यावर आधारित. ब्रशने ओढू नका, स्पंजने टिपत जा, रेषा दिसत नाहीत. पहिला हात ठिपक्याठिपक्यांचा आणि भयाण दिसतो, तेव्हा हिंमत सोडू नका. चार हातांनंतर एकजीव होतो. शेवटी मॅट टॉपकोट दोन-तीन हात, त्यात क्रॉसलिंकर, म्हणजे थर पक्का करणारं रसायन, मिसळायचा. तो मिसळल्यावर डबा उद्यासाठी ठेवता येत नाही, लागेल तेवढाच घ्या. किमान २४ तास बसू नका आणि पुढचा आठवडाभर ओलं फडकं लावू नका.

टाकेदोरे

एक महत्त्वाचं, कुणी बोललं नाही म्हणून. स्टेपनी, तुमच्या सीटच्या कडेला 'एअरबॅग' असं लिहिलेलं छोटं लेबल शिवलंय का बघा. असेल तर पाठीच्या बाहेरच्या कडेची शिवण वेळ आली की फाटण्यासाठीच बनवलेली असते, तिचा दोरासुद्धा वेगळा. तिच्यावर फिलर, गोंद, जाड रंगाचा लेप काही नको. ती उसवली असेल तर घरी टाका घालू नका. सरसकट कव्हर चढवायलाही याच कारणाने माझा विरोध आहे, बाजूची एअरबॅग त्यात अडकू शकते. सीटखाली एअरबॅगच्या वायरींचे पिवळे कनेक्टर दिसले तर तेही ओढू नका.

स्टेपनी

लेबल आहे. बरं झालं सांगितलंत, कारण कव्हरची ऑर्डर जवळजवळ देऊन झाली होती. माझं काम खालच्या कुशनच्या कडेचं आहे, पाठीच्या शिवणीला हात लावणार नाही.

स्टेपनी

(तीन आठवड्यांनी)

झालं काम. जसं घडलं तसं सांगतो, चुकांसकट.

घोटायला मी वीस मिनिटं धरली होती, लागले दीड तास. भेगांच्या कडा हाताला लागेनाशा झाल्यावर तो तुकडा इतका विद्रूप दिसत होता, राखाडी, बदामी, पांढरा, की घरचे म्हणाले आता तरी कुणाला तरी बोलवा. बाइंडर लावायला मजा आली, प्रत्येक हाताबरोबर राठ झालेला भाग घट्ट होत जातो. फिलरच्या बाबतीत मात्र एका भेगेत अधाशीपणा केला, एकदाच भरपूर भरलं. सुकल्यावर ती खड्डा पडून बसली. खरवडून परत तीनदा भरली.

रंगाचा मोठा घोळ. दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर आतल्या साजाचा कोड असतो, त्यावरून रंग मागवला. पार्किंगमध्ये ट्यूबच्या उजेडात लावून बघितला, तंतोतंत. दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढली तर कड गुलाबीसर! कोड बरोबर होता, पण तो नव्या सीटचा रंग. माझी सीट अकरा वर्षं ऊन खाऊन बसलेली. मग रंगारींना व्यक्तिगत निरोप टाकला. त्यांनी सांगितलं की रंगात चिमूटभर पिवळा आणि अगदी थेंबभर काळा टाका, कागदावर लावा, पूर्ण सुकवा आणि उन्हात सीटवर ठेवून बघा. ओला रंग फसवतो. सात कागद झाले. आठवा जुळला.

टॉपकोट चुकून सॅटिन, म्हणजे किंचित चमक असलेला, आला होता. लावल्यावर कड चमकायला लागली, बाकी सीट मॅट. वर मॅटचे दोन हात दिल्यावर जुळलं.

आता तीन फुटांवरून काही कळत नाही. जवळ वाकून बघितलं तर दोन भेगांची सावली दिसते. मला चालतंय.

जुनंसोनं

अभिनंदन! सावली राहू द्या, अकरा वर्षांच्या गाडीची सीट पंचवीस दिवसांची दिसली तर तीच खोटी वाटते.

दुपारझोप

वाचनखूण साठवली. माझा वेगळा प्रश्न. गाडी दोन महिने बंद उभी होती, सीटवर पांढरट भुकटी आली आहे. बुरशी का?

रंगारी

हेअर ड्रायरने हलकं गरम करून बघा. पांढरेपणा विरघळून दिसेनासा झाला तर ती कातड्यातलीच चरबी वर आली आहे, थंडीत असं होतं. कोमट करून पुसली की झालं. तशीच राहिली, गोल गोल ठिपके असतील आणि कुबट वास येत असेल तर बुरशी. मग गाडी मोकळ्या हवेत दारं उघडून उभी करा, कोरड्या फडक्याने बाहेरच्या बाजूला पुसत काढा, मग क्लीनर, आणि पूर्ण सुकवा. सीटखालचं कार्पेट ओलं आहे का ते आधी तपासा. पाणी तिथून येत असेल तर सीट पुसून उपयोग नाही.

वायपर

स्टीअरिंगचं लेदर पण चिकट, काळं झालंय माझं. त्यालाही हेच सगळं?

रंगारी

स्टीअरिंगला हातांचं तेल आणि हल्ली सॅनिटायझर. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल टॉपकोट मऊ करतं, आपण सीट घासायच्या आधी जे मुद्दाम करतो तेच रोज नकळत होतं. हात वाळल्याशिवाय स्टीअरिंग धरू नका. आधी नुसतं स्वच्छ करा, निम्मा चिकटपणा मळाचा निघेल. आणि स्टीअरिंगला तेल, क्रीम, चकाकी आणणारे स्प्रे यातलं काहीही नको, हात घसरला तर सीटइतकं स्वस्तात सुटणार नाही.

वायपर

बाटली परत कपाटात ठेवली.

स्टेपनी

(पाच महिन्यांनी)

कुणी विचारलं नाही तरी सांगतो. कड टिकली आहे. ज्या भेगेत अधाशीपणा केला होता तिथे केसाएवढी चीर परत आली, तेवढ्यापुरता हात देईन. नव्या जीन्सची निळी छटा बसली होती, ताजी असतानाच क्लीनरने निघाली. आता दर महिन्याला ओलसर फडकं, तीन महिन्यांनी क्लीनर, एवढंच. कंडिशनरचा डबा अजून अर्धा भरलेला आहे, जुनंसोनं यांना हवा असेल तर कळवा.

आणि उतरायची सवय बदलली. पूर्वी कडेवरून घसरत बाहेर यायचो. आता आधी पाय बाहेर, मग उठतो. मागच्या खिशात किल्ल्या ठेवत नाही.

जुनंसोनं

डबा नको. त्यावर 'पोषण' लिहिलंय म्हणालात ना, मग नकोच.